वस्फिया आत्याचं अख्खं वाक्य

आमच्या गल्लीत कुणाची आई, सासू, बहीण गेली की पहिलं बोलावणं वस्फिया आत्याला जायचं. ती हातातलं काम तसंच टाकून निघायची. पांढरा रुमाल, कापराची पुडी आणि स्वतःचा तांब्या एवढंच सोबत. दुसऱ्याच्या घरातला तांब्या ती वापरत नसे. मेलेल्या बाईला आंघोळ घालताना ती अरबीत दुआ म्हणायची, आणि शेवटचं पाणी ओतून झालं की क्रीटच्या भाषेत दोन ओळींची कवनं गायची. ती कवनं कुठे लिहिलेली नव्हती. जी बाई समोर असेल तिच्यावर आत्या ती तिथल्या तिथे रचायची. कधी कौतुकाची, कधी चक्क भांडणाची. आमच्या शेजारच्या लुत्फियेवर तिनं रचलेलं कवन ऐकून तिच्या सुना रडता रडता हसल्या होत्या.

आम्ही मुसलमान, आणि आमच्या म्हाताऱ्यांची भाषा ग्रीक. यात काही चमत्कारिक आहे हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊकच नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी क्रीट बेटावर दंगे झाले, मुसलमानांची घरं जळली, आणि सुलतानाच्या जहाजांनी आमची माणसं अल-मीनाच्या या किनाऱ्यावर आणून सोडली. माझी पणजी कडेवर पोर आणि पदरात जैतुनाची रोपं घेऊन उतरली. तिकडे आम्हाला तुर्क म्हणायचे, इकडे आल्यावर क्रीटवाले म्हणू लागले. पावसानंतर आमच्या बायका भिंतींवरच्या गोगलगायी गोळा करून कांद्या-टोमॅटोत शिजवतात, म्हणून बाजारातली पोरं आम्हाला ‘गोगलगायवाले’ म्हणून चिडवायची. आत्या त्यांना सांगायची, “बाबांनो, निदान आमचं जेवण पळून जात नाही. तुमचं तर महिना संपायच्या आत पळतं.”

आत्या नवऱ्याच्या मागे एकटी राहायची. तो मासेमारीला गेला तो परत आलाच नाही. मुलं ऑस्ट्रेलियात. माझे वडील शौकी तिचे धाकटे भाऊ, बंदरावर होड्या दुरुस्त करणारे सुतार. मी मुनीरा, शाळेत फ्रेंच शिकवणारी. क्रीटची भाषा मला समजायची, बोलताना मात्र जीभ अडखळायची.

देशातलं यादवी युद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली असतील तेव्हा प्राध्यापक झखारियास पहिल्यांदा आला. भूमध्य समुद्राभोवतीच्या धर्मांचा आणि लोकांचा इतिहास लिहिणारा माणूस. उंच, चष्म्याला दोरी बांधलेली. आई क्रीटची असल्यामुळे भाषा आमच्यासारखीच बोलायचा, आणि त्यामुळेच सगळ्या म्हाताऱ्या त्याच्यावर भाळल्या. तो आत्याला मावशी म्हणू लागला. दोन महिने तो तिच्या स्वयंपाकघरात टेप घेऊन बसायचा. तिनं त्याला गोगलगायी खाऊ घातल्या, आंघोळीची रीत सांगितली, कवनं म्हणून दाखवली. जाताना त्यानं तिच्या हाताचं चुंबन घेतलं. ती दोन दिवस उदास होती.

तीन वर्षांनी पुस्तक आलं. ते मी बैरुतच्या दुकानात पाहिलं आणि हौसेनं घेऊन आले. फ्रेंचमध्ये होतं. आत्याच्या ओसरीवर बसून मी मोठ्यानं वाचत, तोंडानं अरबी करत चालले होते. तिच्यावर अख्खं प्रकरण होतं. पहिली पानं ऐकताना ती सुखावली. मग एक परिच्छेद आला आणि मी थांबले.

“पुढे वाच,” आत्या म्हणाली.

लिहिलं होतं ते असं. ही बाई पाव भट्टीत घालण्याआधी पिठाच्या गोळ्यावर सुरीनं क्रूस कापते. ती म्हणते, ‘माझी आई असंच करायची, तिची आई असंच करायची.’ तीनशे वर्षांपूर्वी ज्यांना ख्रिस्ती धर्म सोडावा लागला त्यांच्या काळजात तो जुना धर्म अजून जिवंत आहे. ओठांवर कुराण, हातात क्रूस.

 आत्यानं मला तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला. पुन्हा ऐकून म्हणाली, “मी पुढे काय म्हटलं होतं ते कुठाय?”

पुढे काय म्हटलं होतं, ते मला माहीत होतं. आमच्या घरात सगळ्यांनाच माहीत होतं. आत्या आणि माझे वडील धरून ती चार भावंडं. भाजलेल्या पावाचे तुकडे करताना भांडणं व्हायची, म्हणून आजी, म्हणजे त्यांची आई, कच्च्या पिठावरच उभी-आडवी चीर पाडायची. भट्टीतून निघाला की पाव त्या चिरांवर फुटायचा, चार सारखे भाग. आत्यानं टेपवर हे सगळं हसत हसत सांगितलं होतं. प्राध्यापकानं तिचं वाक्य मधोमध तोडून पहिला भाग ठेवला होता.

“पुस्तक कोण वाचतंय इथे,” मी म्हटलं. माझी चूक झाली. दोन महिन्यांत एका अरबी वर्तमानपत्रानं त्यातला तेवढाच परिच्छेद उचलला आणि मथळा दिला, ‘अल-मीनातले छुपे ख्रिस्ती’. आत्याचं नाव नव्हतं, पण आमच्याकडे मय्यतीला आंघोळ घालणारी क्रीटवाली एकच होती.

पहिला फटका बहीजकडून आला. बहीज म्हणजे कोपऱ्यावरचा किराणावाला, मशिदीच्या कमिटीतला. त्याची सासू वारली तेव्हा आत्या नेहमीप्रमाणे तांब्या घेऊन गेली. बहीजनं तिला दारातच अडवलं. त्यानं आवाज चढवला नाही. म्हणाला, आम्ही बाब अल-तब्बानेच्या वस्तीतून बाई बोलावलीय, तुम्ही कष्ट घेऊ नका. मागे गल्लीतल्या दहा-बारा बायका उभ्या होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. आत्या परत आली, तांब्या फळीवर ठेवला आणि त्या दिवशी चूल पेटवली नाही.

त्यानंतर बोलावणी बंद झाली. गल्लीतल्या बायका रस्त्यात भेटल्या की तिची तब्येत विचारायच्या, जरा जास्तच विचारायच्या. माझे वडील मशिदीतून आले की थेट बंदरावर निघून जायचे.

आत्यानं महिनाभर वाट पाहिली. मग एक दिवस मला म्हणाली, “तो पुन्हा या देशात येणार असेल तर मला कळव.”

तो आला. बैरुतमध्ये त्याच्या पुस्तकावर व्याख्यान होतं. आम्ही दोघी सकाळी मिनीबसनं गेलो. आत्यानं ईदचा काळा कोट घातला होता, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला गोल पाव. दगडी जिने, मऊ खुर्च्या, चष्मेवाली माणसं. आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. प्राध्यापकानं तिला पाहिलं, ओळखलं आणि हसून मान लववली. मग तो पाऊण तास बोलला. पडद्यावर आत्याच्या हाताचा फोटो आला, पिठावर सुरी. मी कानात भाषांतर करत होते. ती म्हणाली, “कर नकोस. मला दिसतंय.”

प्रश्नांची वेळ आली तेव्हा ती हात वर न करताच उभी राहिली आणि क्रीटच्या भाषेत बोलू लागली. प्राध्यापकाशिवाय कुणाला काही कळेना. मी उभी राहून अरबी करू लागले. 

“हा फोटोतला हात माझा,” ती म्हणाली. “मी तुला वाक्य सांगितलं होतं, त्यातलं निम्मं तू खाल्लंस. उरलेलं मी घेऊन आले.” तिनं फडकं सोडलं, पाव समोरच्या टेबलावर ठेवला आणि चिरांवर दाबून त्याचे चार तुकडे केले. एक स्वतःला, तीन भावंडांना. कुणाचा कोणता तेही सांगितलं. म्हणाली, एवढंच आहे यात. तुझ्या टेपमध्येही आहे. लाव.

प्राध्यापक गडबडला, पण तो वाईट माणूस नव्हता, आणि मूर्ख तर नव्हताच. त्यानं तिला आदरानं उत्तर दिलं. त्याचं म्हणणं असं की माणूस जे कारण सांगतो ते वरचं असतं, रीत त्याहून जुनी असते. हात जे करतात त्याचा अर्थ कधीकधी हातवाल्यालाही ठाऊक नसतो. “मावशी, इतिहास असाच शोधावा लागतो,” तो म्हणाला.

“मावशी म्हणू नकोस. मावशीचं वाक्य कुणी अर्ध्यात तोडत नाही. असेल, माझ्या पणजीच्या पणजीनं क्रूस म्हणूनही चीर पाडली असेल. मला माहीत नाही, तुलाही नाही. मग तसं लिही ना, की माहीत नाही. तुझ्या एवढ्या जाड पुस्तकात ते दोन शब्द मावत नव्हते?”

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली आणि थांबलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

बाहेर एक मिशीवाले गृहस्थ आमच्यासाठी थांबले होते. अंकाराचे नेजात बे, तेही इतिहासकार. आत्यानं प्राध्यापकाला गप्प केलं म्हणून ते फार खूश होते. त्यांचा सिद्धांत असा की आम्ही अस्सल तुर्क, बेटावर गेलो आणि भाषा विसरलो. आत्यानं त्यांच्या परिषदेत येऊन तेवढं सांगावं, प्रवासाची सगळी सोय होईल. मी भाषांतर करून सांगितल्यावर आत्यानं त्यांना नीट न्याहाळलं. म्हणाली, “यांना विचार, तुर्कीत अंगाई कशी म्हणतात. माझ्या आजीला एकही येत नव्हती.” आणि कोटाची बटणं लावून जिना उतरली.

परतीच्या बसमध्ये मला वाटलं, झालं, जिंकलो. ती म्हणाली, “जिंकलं काय? बहीज थोडाच बैरुतला आला होता.”

ते खरंच होतं. उलट गल्लीत बोभाटा झाला की वस्फिया मोठ्या सभेत क्रूसाचा पाव घेऊन गेली. मग माझे वडीलच तिच्याकडे आले. मशिदीच्या शेखसाहेबांनी तोडगा सुचवला होता. जुम्याच्या नमाजनंतर आत्यानं बायकांसमोर सांगावं की यापुढे पावावर चीर पाडणार नाही आणि मय्यतीजवळ ती परकी भाषा गाणार नाही. मग सगळं पूर्ववत. वडील हे सांगताना तिच्याकडे बघत नव्हते.

आत्यानं त्यांना कॉफी दिली. शांतपणे विचारलं, “शौकी, चौथा तुकडा कोण खायचं?”

“मी,” वडील म्हणाले.

“आणि परकी भाषा कुणाची? आईनं तुला पाळण्यात कुठली गाणी म्हटली?”

वडील म्हणाले की मला ठाऊक आहे, पण लोकांना कोण समजावणार. आपल्याला यांच्यातच राहायचंय. दोन गोष्टी सोडल्यानं काय बिघडतं?

“त्या माणसानं माझं अर्धं ठेवलं, शेखसाहेब दुसरं अर्धं ठेवायला सांगतात,” आत्या म्हणाली. “मी काय बकरी आहे का, ज्याला जो हवा त्यानं तो तुकडा न्यावा? जाऊन सांग, वस्फिया पाच वेळा नमाज पढते आणि पाव कसा कापायचा ते तिचं ती बघेल.”

वडिलांनी तो निरोप शेखसाहेबांना दिला की नाही, मला माहीत नाही. दिला असेल तर बराच मऊ करून. भावा-बहिणीचं येणं-जाणं त्यानंतर वर्षभर बंद होतं.

अशी चार वर्षं गेली. तांब्या फळीवर. पोट भरण्यासाठी ती जाळी विणायची, आणि मुलं ऑस्ट्रेलियातून पैसे पाठवायची. दुसऱ्या आवृत्तीत प्राध्यापकानं एक तळटीप घातली, ‘माहितीदार बाई हा अर्थ नाकारते’. मी तिला ती वाचून दाखवली. ती म्हणाली, “नाकारते म्हणे. नाकारलं नव्हतं मी, सांगितलं होतं.” एकटी असली की ती खिडकीत बसून कवनं पुटपुटायची. एकदा मी विचारलं, कुणावर रचतेस? म्हणाली, जिवंत लोकांवर. गाऊन दाखवण्यासारखी नाहीत.

मग बहीजच्या आईचं दुखणं आलं. नझ्मीये, नव्वदीला टेकलेली. ती आमच्यातलीच, पण तिचं लग्न झालं गावातल्या अरब घरात. नवऱ्यानं पहिल्या दिवशीच बजावलं होतं की या घरात ती भाषा ऐकू येता कामा नये. सत्तर वर्षं तिनं ते पाळलं. मुलांना एक शब्द शिकवला नाही. आणि आता म्हातारपणात डोकं विसरू लागलं तसं आधी शेजारी गेले, मग नातवंडं, मग बहीजचं नाव, आणि एका सकाळी अख्खी अरबी गेली. खाली उरलं ते आईकडून आलेलं बोलणं. ती रात्रंदिवस एकच काहीतरी ओरडायची आणि घरात कुणालाच अर्थ लागेना. डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या. सून म्हणाली, जिन्न लागलाय. गल्लीला कळू नये म्हणून बहीजनं खिडक्या लावून घेतल्या, आणि नऊ दिवस हे चाललं.

दहाव्या दिवशी बहीजनं आपल्या धाकट्या पोरीला मागच्या दारानं आत्याकडे पाठवलं. आत्यानं पोरीच्या हातावर खजूर ठेवला आणि सांगितलं, तुझ्या बाबांना म्हणावं, स्वतः येऊन बोलवा, दुपारी, गल्लीतून. मी पुढच्या दारानं येईन.

मला ते निष्ठुर वाटलं. एक म्हातारी तिकडे ओरडतेय आणि तू मान मागतेस, असं मी बोलूनही गेले. आत्या म्हणाली, “ती नऊ दिवस ओरडतेय. मी चार वर्षं इथेच होते, तीस पावलांवर.” पण कोट तिनं आधीच अंगात घातला होता. बहीज आला नसता तर ती कदाचित गेलीही असती. तो आला. जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजनंतर, भर गल्लीत, दुकानाचा एप्रन न काढताच. म्हणाला, “वस्फियाताई, आई काय म्हणते ते कळत नाही. चला.”

मी सोबत गेले. नझ्मीये खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. आत्या तिच्या उशाशी टेकली आणि क्रीटच्या भाषेत फक्त विचारलं, काय झालं गं बाळ? म्हातारीनं डोळे उघडले. तेच शब्द पुन्हा म्हणाली, पण आता ओरडून नाही, तक्रार केल्यासारखे.

आत्यानं वळून बहीजकडे पाहिलं. “म्हणते, हात सोडा, हाताला चावतंय.”

तिनं म्हातारीची लांब बाही वर केली. लग्नातली सोन्याची बांगडी सुजलेल्या मनगटात रुतून बसली होती, भोवतीचं मांस जांभळं झालं होतं. दुकानातून पक्कड आणून बहीजनं स्वतः ती कापली. म्हातारीनं हुंदका दिला आणि झोपली. बहीज जमिनीवर बसला. “नऊ दिवस,” तो म्हणाला. “नऊ दिवस ती स्पष्ट सांगत होती.”

आत्यानं कापलेली बांगडी उशाशी ठेवली आणि म्हातारीचं मनगट ओल्या फडक्यानं पुसलं. ती टोमणा मारेल असं मला वाटलं होतं.

पुढे सात महिने ती रोज तिथे गेली. नझ्मीये तिला आपली मोठी बहीण समजायची, रुसायची, गुपितं सांगायची. बहीज दुकान नोकरावर टाकून दारात बसायचा आणि आत्याला विचारायचा, आता काय म्हणाली? आता? अशानं पन्नाशी उलटलेल्या माणसानं आपल्या आईची भाषा वीस-पंचवीस शब्द शिकून घेतली. पाणी. ऊब. ये. जाऊ नको.

ती गेली तेव्हा आंघोळ कोण घालणार हे कुणी विचारलं नाही. आत्या तांब्या घेऊन आली. बहीज जिन्यात तिच्याजवळ आला. खाली शेखसाहेब आले होते, कमिटीची माणसं होती. त्यानं खाली मान घालून विचारलं, गाणं जरा हळू म्हणता येईल का?

“बहीज, तुझी आई सत्तर वर्षं हळू बोलली,” आत्या म्हणाली. “आज मी हळू बोलणार नाही. दुआ अरबीत होईल, निरोप तिच्या भाषेत होईल. यातलं एक नको असेल तर तब्बानेहून बाई बोलाव, मी घरी जाते.”

बहीज बाजूला झाला. आत्यानं आत जाऊन आधी खिडक्या उघडल्या. मी पाणी देत होते. विषम संख्येनं पाणी, कापूर, कफन, सगळं जसं असतं तसं. मग ती गायली. तिचा आवाज चार वर्षांत फाटला होता, पण खाली अंगणापर्यंत पोचत होता.

समुद्रा, एकदा गाव नेलंस, आता नझ्मीयेला नेतोस,
तिसऱ्यांदा येशील तेव्हा बघू, काय परत देतोस.

अंगणात माझे वडील उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि दुसरी ओळ तिच्यामागून म्हटली. मोठ्यानं. शेखसाहेबांनी मान वर केली, मग पुन्हा तसबीहचे मणी ओढू लागले. गाणं संपेपर्यंत थांबले आणि नंतर मशिदीत जनाज्याची नमाज पढवली. 

बोलावणी पुन्हा सुरू झाली. ज्या बायका दारात गप्प उभ्या होत्या त्यांच्याशी आत्या पूर्वीसारखी बोलू लागली, पण एकीच्याही घरची कॉफी प्यायली नाही. तेवढं तिनं ठेवलंच.

दोन वर्षांनी प्राध्यापक झखारियासचं पत्र आलं. नवं पुस्तक लिहीत होता आणि पुन्हा भेटायचं होतं. आत्यानं मला उत्तर लिहायला बसवलं. ये, पण छापायच्या आधी आमच्यावरचं प्रकरण गल्लीत बसून वाचून दाखव, आमच्या भाषेत, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत. मंजूर नसेल तर येऊ नकोस. मला वाटलं तो येणार नाही. तो आला. केस पिकलेले, कागदांचा गठ्ठा. बायकांनी त्याला जाळी विणायच्या ठेंगण्या स्टुलावर बसवलं आणि तीन दुपारी तो वाचत होता. वीसेक जणी भोवती भाज्या निवडत ऐकत होत्या. बहीजनं दुकानातून लिंबूसरबत पाठवलं. बायका त्याला वाक्यावाक्याला अडवायच्या. काही वाक्यं त्यानं खोडली, काहींवर तो अडून राहिला, पुरावे दाखवले. एक-दोनदा तर आत्याच म्हणाली की हे मात्र त्याचं बरोबर आहे, आपल्याला आवडो न आवडो. तीन ठिकाणी तिनं त्याच्याकडून ‘माहीत नाही’ असं लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तो क्रीटमधल्या आमच्या जुन्या गावाच्या वर्णनावर आला आणि गाव डोंगराच्या कुशीत होतं असं वाचलं. गल्लीतल्या फातिनची आई म्हणाली, छे, समुद्राला लागून होतं, आमची आजी दारातून होड्या मोजायची. आत्या म्हणाली, तुझी आजी थापा मारायची, आमच्या आजीला समुद्र पाहायला अर्धा दिवस चालावं लागायचं. दोघी हमरीतुमरीवर आल्या. बाकीच्या दोन बाजूंना वाटल्या गेल्या, कुणी तिकडच्या घराची जुनी किल्ली आणली, कुणी मेलेल्या काकाची शपथ घेतली. प्राध्यापकानं नकाशा काढून काही सांगायचा प्रयत्न केला, पण त्याच्याकडे कुणी पाहीना. अखेर त्यानं पेन्सिल कानामागे खोचली, शेजारच्या बाईच्या परातीतल्या शेंगा ओढल्या आणि सोलत ऐकत बसला.